मांजरासाठी वेट फूड की फ्रीझ-ड्राइड? किनाऱ्यावरच्या दमट घरांसाठी

कोकणात मांजराचं जेवण वेगळं ठरवावं लागत नाही. मासे साफ करताना निघालेली डोकी नि आतडी, त्यात कालवलेला उरलेला भात, आणि पावसाळ्यात बाजार रिकामा असला की जवळा. ओसरीवरचं मांजर यावर तगतं, कारण उंदीर, पाली, सरडे, पाखरं असं अख्खं जनावर हाडा-काळजासकट खाऊन ते उरलेली उणीव स्वतःच भरून काढतं. दार लावून घरात ठेवलेल्या, नसबंदी झालेल्या मांजराला ती सोय नसते. अशा मांजरासाठी पाकिटातलं खाणं घ्यायचं झालं तर दुकानात किंवा मोबाइलवर दोन गोष्टी समोर येतात. एक पाउचमधलं किंवा डब्यातलं ओलं वेट फूड, आणि दुसरं फ्रीझ-ड्राइड कच्चं मांस, जे हातात घेतलं तर थर्मोकोलसारखं हलकं लागतं.

आधी माशांचा हिशेब संपवू, कारण घराघरांत पहिला प्रश्न तोच असतो: दारात ताजे मासे असताना पाकीट कशाला?

काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते बी-1 जीवनसत्त्व तोडून टाकतं. हेरिंग आणि अँकोव्हीच्या कुळातले मासे यासाठी बदनाम आहेत, आणि आपल्या तारली, पेडवे, मांदेली याच गणगोतातल्या. रोज कच्चे मासे खाणाऱ्या मांजराची भूक आधी मंदावते, मग चाल डगमगते, मान खाली वाकते आणि शेवटी झटके येतात. नीट शिजवले की हे एन्झाइम निकामी होतं. पण शिजवून सगळंच मिटत नाही. बांगडा आणि तारली तेलकट. हेच मुख्य अन्न झालं आणि सोबत ई जीवनसत्त्व पुरेसं नसलं तर मांजराच्या अंगातली चरबी सुजून दुखायला लागते. उचलून घेतलं की ते ओरडतं, आणि घरच्यांना वाटतं पोटात दुखतंय. उन्हात टोपलीत राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, ते उकळूनही जात नाही. काटा काढलेल्या माशात किंवा नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं. पिल्लाला महिनोन्महिने तेवढंच दिलं तर उडी मारताना पाय मोडण्यापर्यंत हाडं ठिसूळ होतात. कालवणातला मासा तर देऊच नये, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. खारवलेल्या सुक्या बांगड्याचंही तेच, त्यातलं मीठ मांजराच्या बेताचं नाही.

आठवड्यातून एक-दोनदा उकडलेला, काटे काढलेला मासा चालतो. त्यापलीकडे तो चवीपुरता.

पाउच हातात घेतला की पुढचं चित्र, ‘रिअल टूना’, ‘ग्रेन फ्री’ वगैरे सगळं सोडून मागची बारीक अक्षरं वाचायची. पहिलं शोधायचं ते एकच विधान: हे ‘कम्प्लीट’ खाणं आहे की ‘कॉम्प्लिमेंटरी’. कॉम्प्लिमेंटरी, सप्लिमेंटल, ट्रीट, टॉपर यांपैकी काहीही लिहिलं असेल तर ते पूर्ण जेवण नाही, मग आत मांस कितीही चांगलं असो. डब्यातले रेषारेषांचे पांढरे टूना आणि चाटायच्या क्रीमच्या नळ्या बहुतेक याच गटातल्या. मांजर त्यावर तुटून पडतं आणि म्हणूनच फसगत होते. कम्प्लीट लिहिलं असेल तर कोणत्या वयासाठी तेही पाहा. एक वर्षाखालच्या पिल्लाला आणि गाभण किंवा पाजणाऱ्या भाटीला ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहिलेलंच लागतं.

दुसरी गोष्ट टॉरिन. मांजराला हे अमिनो आम्ल स्वतःच्या अंगात पुरेसं बनवता येत नाही. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून ढिलं पडतं. हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिला, आणि त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. ‘आफको’ या तिकडच्या पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेची किमान पातळी कोरड्या वजनावर (म्हणजे पाणी वजा करून) सुक्या दाण्यांसाठी, म्हणजे पिशवीतल्या कोरड्या खाण्यासाठी, 0.1 टक्का आणि डबाबंद ओल्या खाण्यासाठी 0.2 टक्के आहे. ओल्याला दुप्पट का, तर डबा तापवताना असे पदार्थ तयार होतात की आतड्यातले जिवाणू टॉरिन जास्त फस्त करतात. घटकांच्या यादीत टॉरिनचं नाव नसलेलं ओलं खाणं रोजचं म्हणून घेऊ नये.

तिसरं, प्रथिनांचा आकडा. इथे बहुतेक जण चुकतात. पाउचवर प्रथिनं 9 टक्के आणि दाण्यांच्या पिशवीवर 32 टक्के दिसलं की दाणे भारी वाटतात. पण पाउचमध्ये पाणी 82 टक्के आहे, म्हणजे कोरडा भाग उरला 18. नऊला अठराने भागून शंभराने गुणा: 50 टक्के. दाण्यांत ओलावा 10, कोरडा भाग 90, तिथे बत्तीस भागिले नव्वद म्हणजे साधारण 35.5 टक्के. पाणी वजा केल्याशिवाय दोन पाकिटांची तुलनाच करायची नाही. प्रौढ मांजरासाठी आफकोची किमान पातळी कोरड्या वजनावर 26 आणि पिल्लासाठी 30 टक्के आहे. चांगलं ओलं खाणं 45 च्या वर सहज असतं.

पिष्ट पदार्थ पाकिटावर लिहीत नाहीत, ते काढावे लागतात. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि ओलावा वजा केला की उरतं ते पिष्ट. वरच्याच पाउचमध्ये चरबी 2.5, तंतू 1 आणि राख 2 असेल तर उरले 3.5. प्रथिनं आणि पिष्टाला साडेतीनने, चरबीला साडेआठने गुणून बेरीज केली की 100 ग्रॅममधल्या कॅलरी मिळतात: इथे 65. म्हणजे 85 ग्रॅमच्या पाउचमध्ये 55.

आता पोटाचा हिशेब. घरात बसून असणाऱ्या, नसबंदी झालेल्या 3 किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 160 कॅलरी लागतात, 4 किलोच्याला 200. नुसत्या पाउचवर ठेवायचं तर 4 किलोच्या बोक्याला रोज साडेतीन पाउच. खिशाला हे झेपेलच असं नाही, आणि झेपायलाच हवं असंही नाही. दिवसाला दोन पाउच आणि 25 ग्रॅम सुके दाणे ही वाटणी बहुतेक घरांना परवडते. दोन पाउचमधून जवळजवळ 140 मिलिलिटर पाणी पोटात जातं. नुसते दाणे, तेही 55 ग्रॅम, दिले तर त्यांतून मिळणारं पाणी जेमतेम सहा मिलिलिटर. बाकीचं मांजराने वाडग्यातून प्यायचं, आणि मांजर ते पुरेसं पीत नाही. बोक्यांचा मूत्रमार्ग मुळात अरुंद. लघवी घट्ट झाली की खडे धरून तो तुंबण्याचा धोका वाढतो. ओल्या खाण्यावर पैसे घालवायचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, चव दुय्यम.

मूत्रपिंडाचा आजार निघालेल्या मांजराला मात्र फॉस्फरस मोजून द्यावं लागतं. त्याचं खाणं पशुवैद्यांनीच ठरवावं.

ग्रेव्ही, जेली की लगदा, यात फार अडकू नका. ग्रेव्हीत स्टार्च थोडा जास्त असतो, जेलीतल्या डिंकाने काही मांजरांना पातळ होतं, आणि लगद्यात औषधाची गोळी लपवता येते. पाउच बरेचदा थायलंडहून येतात. अशा पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि किंमत असलेला स्टिकर हवा. तो स्टिकर मुदतीच्या तारखेवरच चिकटवला असेल तर ते पाकीट दुकानदाराला परत करा. दापोली, गुहागर, देवगडकडे पार्सल दोन-तीन दिवस तापलेल्या गाडीतून येतं, तेव्हा पाउच फुगलेला, चिकट किंवा शिवणीला ओला आहे का ते हाताने चाचपून पाहायचं. फुगलेला पाउच उघडून वास घेत बसायचं नाही, तसाच टाकायचा.

आता फ्रीझ-ड्राइड. कच्चं मांस गोठवून निर्वात जागेत ठेवतात, बर्फ वितळायच्या ऐवजी थेट वाफ होऊन निघून जातो, आणि मागे पाच टक्क्यांहून कमी ओलावा उरतो. शिजवलेलं नसल्यामुळे वास आणि चव टिकते. जिवाणूही टिकतात. प्रयोगशाळांत जिवाणूंचे नमुने वर्षानुवर्षं जपायला हीच पद्धत वापरतात, हे लक्षात ठेवलं म्हणजे ‘वाळवलंय म्हणजे सुरक्षित’ हा गैरसमज राहत नाही. साल्मोनेला आणि लिस्टेरिया त्यात झोपलेले असतात, पाणी लागलं की उठतात.

म्हणून इथे पहिला प्रश्न जंतू कसे मारले हा. ‘एचपीपी’ म्हणजे उच्च दाबाची प्रक्रिया केली आहे का ते पाहा. त्यात मांसावर सुमारे 600 मेगापास्कल दाब देतात, समुद्राच्या सर्वांत खोल तळावर असतो त्याच्या पाचपटीहून जास्त. उष्णता न देता बहुतेक जिवाणू मरतात. ‘ह्यूमन ग्रेड’, ‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’ या शब्दांनी जंतू मरत नाहीत. कंपनीला ईमेल करून विचारा: प्रक्रिया कोणती, आणि प्रत्येक बॅचची साल्मोनेलासाठी तपासणी होते का. गोलमोल उत्तर आलं तर ते मांस घरी आणू नका.

बर्ड फ्लूमुळे ही काळजी आता कागदावरची राहिलेली नाही. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच-5-एन-1 ने दगावले. त्याच सुमारास अमेरिकेत गोठवलेलं कच्चं टर्की खाऊन घरातलं मांजर मेल्याचं प्रकरण उघड झालं. जानेवारी 2025 मध्ये रायगडच्या उरण तालुक्यात कोंबड्यांत साथ सापडली. मांजरवर्गाला हा विषाणू फार जड जातो. आसपास साथ असेल तर कच्चं चिकन, घरचं असो की पाकिटातलं, बंद ठेवा आणि शिजवलेल्या डबाबंद खाण्यावर या.

दुसरा प्रश्न पुन्हा कम्प्लीट की ट्रीट हाच. आपल्याकडे फ्रीझ-ड्राइड म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच एकाच पदार्थाचं असतं: चिकनच्या छातीचे चौकोन, काळीज, कोळंबी, छोटे मासे. ते खाऊ म्हणून. खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागात बसवायचा, म्हणजे 4 किलोच्या मांजराला 20 कॅलरी, साधारण 4 ग्रॅम. हे चार ग्रॅम एकदा काट्यावर मोजून पाहा, चिकनचे दोन-चार तुकडेच भरतात. लोक मूठभर देतात, कारण हाताला वजन लागत नाही. काळीज आठवड्यातून एक-दोनदाच. त्यात ए जीवनसत्त्व इतकं असतं की रोज दिल्याने काही महिन्यांत मानेचे मणके जुळून येतात. फ्रीझ-ड्राइड छोटे मासे शिजवलेले नसतात, तेव्हा थायमिनेजची गोष्ट तिथेही लागू.

कम्प्लीट फ्रीझ-ड्राइडवर पूर्ण मांजर पोसायचं तर 4 किलोला रोज 40 ग्रॅमच्या आसपास लागेल. 400 ग्रॅमचं पाकीट दहा दिवसांत संपतं. आमच्या मते कोकणातल्या घराने ओल्या पाउचवर पाया ठेवावा आणि फ्रीझ-ड्राइड हे खोडकर जिभेच्या मांजराला वळवण्यापुरतं वापरावं. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर कच्चं नकोच. तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि स्टेरॉइडवर असलेल्या मांजरालाही नको.

भिजवण्याची रीत अशी. दहा ग्रॅम तुकड्यांना 30 मिलिलिटर पाणी, कोमट, मनगटावर टाकलं तर ना गार ना गरम लागेल असं. तुकडे बोटांनी चुरून पाणी ओता, दहा मिनिटं झाकून ठेवा, मधला भाग कोरडा राहिला नाही ना ते दाबून पाहा. कोरडे तुकडे तसेच दिले तर काही मांजरं गपागप गिळतात, ते पोटात फुगतात आणि अर्ध्या तासात ओकारी. उकळतं पाणी ओतल्याने निर्जंतुक होतं असं समजू नका. वाटीत पडेपर्यंत ते निवतं आणि तुकड्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचत नाही. भिजवलेलं मांस हे आता कच्चंच मांस आहे, तेव्हा एका जेवणापुरतंच भिजवा. वीस-तीस मिनिटांत संपलं नाही तर फेकून द्या, शेजारच्या भटक्या मांजरालाही घालू नका. वाडगा स्टीलचा, त्याचा चमचा नि घासणी वेगळी, आणि नंतर हात साबणाने.

खरी कसोटी साठवणीची. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतकं पाणी असतं की कपाटातले चामडी पट्टेसुद्धा बुरसतात. फ्रीझ-ड्राइड मांस त्या हवेतलं पाणी स्पंजासारखं ओढून घेतं. झिपचं पाकीट रोज तीनदा उघडून बंद केलं तर आठवड्याभरात तुकडे लेचेपेचे होतात. परीक्षा सोपी आहे: तुकडा दोन बोटांत मोडा. पापडासारखा कट्कन तुटला तर ठीक. वाकला, चामट लागला तर तो ओलावलाय, आणि ओलावलेल्या कच्च्या मांसात काय चालू झालंय ते डोळ्यांना दिसत नाही. वास घ्या. जुन्या खोबऱ्यासारखा खवट आला तर चरबी बिघडली. दोन्हींपैकी काहीही झालं तरी टाका. उन्हात किंवा ओव्हनमध्ये पुन्हा कुरकुरीत करायच्या भानगडीत पडू नका, ओलावा जाईल पण मधल्या काळात वाढलेले जिवाणू राहतील.

त्यामुळे पावसाळ्यात मोठं स्वस्त पाकीट घेऊच नये, 50 ते 100 ग्रॅमची घ्यावीत. मोठं घेतलंच असेल तर आलं त्या दिवशी, पंखा बंद करून, कोरड्या हातांनी आठवड्या-आठवड्याच्या छोट्या झिप-पिशव्या भरा, हवा दाबून काढा, आणि त्या सगळ्या रबरी कड्याच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. सोबत सिलिका जेलची पुडी, पण मांसाला लागणार नाही अशी वेगळी, आणि निळे दाणे नकोत, त्यात कोबाल्टचा क्षार असतो. बरणी चुलीपासून आणि खिडकीपासून लांबच्या फडताळात. मे महिन्यात पत्र्याखालचं घर तापत असेल तर बंद पिशव्या फ्रीजरमध्ये ठेवता येतात. फक्त बाहेर काढल्यावर अर्धा तास तशीच बंद राहू द्या. गार पिशवी लगेच उघडली की हवेतलं पाणी आतल्या तुकड्यांवर जमतं, आणि लोक विचारतात की फ्रीजरमध्ये ठेवूनही खराब कसं झालं.

ओल्या पाउचचं उलट. बंद असेपर्यंत त्याला फ्रीज लागत नाही, पावसा-वादळात हा त्याचा मोठा गुण. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. गोठवलेलं कच्चं मांस अशा वेळी दोन दिवसांत हातचं जातं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचाही भरवसा नसतो. मेअखेर तीन आठवड्यांचे पाउच भरून ठेवावेत. उघडलेला पाउच मात्र झाकणाच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये, जास्तीत जास्त दोन दिवस. वीज गेली तर बंद फ्रीज चार तास धरतो, त्यानंतर उघडलेलं खाणं टाकायचं. वाडग्यात ठेवलेलं ओलं खाणं उन्हाळ्यात अर्ध्या तासात, इतर वेळी तासाभरात उचला. फ्रीजमधलं गार खाणं मांजर हुंगून निघून जातं. झाकण लावलेला डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं धरला की तेच खाणं आवडायला लागतं. मुंग्यांसाठी वाडगा पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा, लक्ष्मणरेषा मांजराच्या ताटाजवळ आखू नका.

नवं खाणं एकदम बदलायचं नाही. पहिले तीन दिवस पाव भाग नवं, पुढचे तीन दिवस अर्धं, मग तीन दिवस पाऊण, आणि दहाव्या दिवशी पूर्ण. जुलाब झाले तर एक पायरी मागे या, दोन दिवस थांबा. आयुष्यभर दाणे खाल्लेलं मांजर ओलं खाणं हे अन्नच नाही असं समजतं. त्याला दाण्यांच्या वाटीशेजारी चमचाभर ठेवा, वर फ्रीझ-ड्राइडचा चुरा चिमूटभर भुरभुरा. दोन-तीन आठवडे लागतात. गणपतीला मुंबईहून मांजर सोबत गावी आणणार असाल तर त्या आठवड्यात हा प्रयोग करू नका, ओळखीचे पाउच मोजून बरोबर न्या.

‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजराशी चालत नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठून ते निकामी होऊ लागतं. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर जुनं खाणं परत द्या. तेही नको म्हणालं, किंवा कानाच्या आतली कातडी पिवळी दिसली, किंवा बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसून थेंबही काढत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि रिकामं पाकीट सोबत न्या, डॉक्टरांना बॅचचा नंबर आणि घटकांची यादी त्यावरच मिळते.